वाचकांचे प्रश्न : मॉर्गनची गाडी आणि माल्व्हर्नचा कारखाना

मागील अंकात या सदरात इंग्लंडमधील ‘मॉर्गन’ या छोट्या मोटार कंपनीविषयी चार ओळींची टीप दिली होती. वूस्टरशायर परगण्यातील माल्व्हर्न या टेकडीच्या पायथ्याच्या गावी १९०९ मध्ये या कंपनीची पहिली गाडी तयार झाली आणि आजही तेथेच लाकडी सांगाड्याच्या स्पोर्ट्स कार बव्हंशी हातांनी बांधल्या जातात, एवढाच तिचा आशय होता. त्या टिपेवर सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांतील प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी होटगी रस्त्यावर रिक्षा आणि टमटम दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. मॉर्गनची पहिली गाडी तीन चाकी होती असे ऐकले, पण छायाचित्रात तिची दोन चाके पुढे आणि एक मागे दिसते. आमच्या रिक्षेच्या बरोबर उलट ही रचना का केली असावी? (एक वाचक, होटगी रस्ता)

या रचनेमागे ती करणाऱ्या माणसाचे शिक्षण आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी सांगणे भाग आहे. हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ली मॉर्गन यांचा जन्म १८८१ चा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते, आणि मुलाने आपली परंपरा सोडून यंत्रांच्या मागे लागावे याला त्यांनी विरोध तर केला नाहीच, उलट पुढे धंद्यात स्वतःचे पैसे घातले व कंपनीचे अध्यक्षपदही सांभाळले. हेन्री स्विन्डन येथील ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करून तयार झाले. १९०४ मध्ये रेल्वे सोडून त्यांनी माल्व्हर्न लिंक येथे भागीदारीत गाड्यांची विक्री व दुरुस्ती करणारे गॅरेज काढले. म्हणजे आपल्याच व्यवसायातून ते पुढे गाडी बनवण्याकडे वळले. १९०९ मध्ये माल्व्हर्न कॉलेजमधील अभियांत्रिकीचे शिक्षक स्टीफन्सन-पीच यांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःच्या वापरासाठी एक हलकी गाडी बांधली. तिला प्यूजो कंपनीचे दोन सिलिंडरचे, ७ अश्वशक्तीचे इंजिन बसवले होते. १९१० मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात ती मांडली गेली तेव्हा लोकांनी कौतुक केले, पण एकच माणूस बसू शकत असल्याने मागणी बेताचीच आली. पुढच्या वर्षी दोन आसनांची गाडी तयार झाली आणि ती हॅरॉड्स या लंडनमधील प्रसिद्ध दुकानाच्या दर्शनी काचेत उभी राहिली.

आता आपला मूळ प्रश्न. तीन चाकी वाहन वळणावर असताना ब्रेक दाबला की भार पुढे आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकतो. रिक्षेत पुढे एकच चाक असल्यामुळे तो भार नेमका ज्या बाजूला आधार नाही तिकडे जातो, आणि वेग जास्त असेल तर आतले मागचे चाक उचलले जाते. हे आपण रोज पाहत असाल. दोन चाके पुढे असली की सरकणारा भार रुंद पायावर येतो. मॉर्गन यांनी इंजिन अगदी पुढे, दोन चाकांच्या रेषेजवळ ठेवले, बसणाऱ्यांना जमिनीलगत मागे बसवले आणि मागच्या एकट्या चाकाला केवळ गाडी ढकलण्याचे काम दिले. रिक्षेची गरज निराळी आहे. तिचे प्रवासी आणि इंजिन मागे असतात, तिला गल्लीबोळात जागच्या जागी वळायचे असते आणि पुढचा काटा स्वस्तात बनवायचा असतो. त्यामुळे रिक्षेची रचना चुकीची म्हणता येणार नाही. ती संथ वेगाच्या आणि अरुंद रस्त्याच्या हिशेबाने केलेली आहे, तर मॉर्गनची वेगाच्या हिशेबाने. या वेगाचे प्रमाण हवे असेल तर, १९३० च्या सुमारास ग्वेंडा हॉक्स या महिला चालकाने फ्रान्समधील माँतलेरीच्या धावपट्टीवर मॉर्गनची तीन चाकी ताशी ११० मैलांहून अधिक वेगाने चालवून विक्रम केले.

गॅरेजवाल्याला आवडतील अशा दोन गोष्टी या गाडीत आणखी आहेत. पहिली तिच्या गिअरची. सुरुवातीच्या गाड्यांत गिअरबॉक्स नव्हताच. इंजिनाची गती एका आडव्या दांड्यापर्यंत आणून तेथून मागच्या चाकापर्यंत दोन चेन नेलेल्या असत. एका बाजूची चेन हळू वेगाची, दुसऱ्या बाजूची जलद वेगाची. दात असलेला एक तुकडा डावीकडे किंवा उजवीकडे सरकवला की ती ती चेन कामाला लागे. गिअर दोनच, आणि रिव्हर्स नाही. गाडी इतकी हलकी होती की उतरून हाताने मागे ढकलता येई. तीन गिअर आणि रिव्हर्स १९३० च्या दशकाच्या आरंभी आले.

दुसरी गोष्ट पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनची. दोन्ही टोकांना पक्क्या धरलेल्या उभ्या दांडीवर चाकाचा स्टब खाली-वर सरकतो, त्याच्या वर आणि खाली स्प्रिंग असते, आणि त्याच दांडीभोवती फिरून चाक वळतेही. सस्पेन्शन (धक्के झेलणे) आणि किंगपिन (चाक ज्यावर वळते तो खिळा) अशी दोन्ही कामे एकाच उभ्या दांडीवर. त्या काळातील बहुतेक मोटारींचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड होता, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही हलत असे. मॉर्गनची दोन्ही पुढची चाके पहिल्या गाडीपासून स्वतंत्र होती. दोष एवढाच की सरकणारा भाग कोरडा पडला की लवकर झिजतो. त्यावर कंपनीने पुढे असा उपाय केला की चालकाच्या पायाशी एक बटण दिले. इंजिन थंड असताना ते दाबले की इंजिनातलेच तेल नळीतून थेट त्या दांड्यांवर उतरे. हीच मूळ पद्धत, सुधारणा होत होत, मॉर्गनच्या पारंपरिक चारचाकी गाड्यांत २०२० पर्यंत टिकली.

तीन चाके ठेवण्यामागे कराचाही हिशेब होता, हे सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये ८ हंड्रेडवेटपेक्षा, म्हणजे सुमारे ४०० किलोपेक्षा हलक्या तीन चाकी वाहनाला मोटारीचा नव्हे तर मोटरसायकलीसारखा कमी कर लागे. ऑस्टिन सेव्हन ही स्वस्त चारचाकी १९२२ मध्ये आली तरी मॉर्गनचा ग्राहक लगेच तुटला नाही, त्याचे एक कारण हे होते. पुढे करातला फरक कमी झाला आणि चारचाकी स्वस्त होत गेल्या, तेव्हा मॉर्गननेही १९३६ मध्ये चार चाके व चार सिलिंडर असलेली ‘फोर-फोर’ आणली. तीन चाकीचे उत्पादन १९५२ मध्ये थांबले.

प्रश्न : आमच्या घरी पूर्वी बैलगाड्या बनत, आता मी फर्निचरचे काम करतो. मॉर्गनची चासी लाकडाची असते असे एका मित्राने सांगितले. हे खरे मानावे का? आणि लाकूड असेल तर ते पावसापाण्यात टिकते कसे? (एक वाचक, मंगळवार पेठ)

चासी लाकडाची नाही. हा गैरसमज इंग्लंडमध्येही इतका पसरलेला आहे की तो कंपनीला वर्षानुवर्षे खोडून काढावा लागला. १९३६ पासूनच्या मॉर्गनची चासी पोलादाची होती : दोन्ही बाजूंना पत्रा वाकवून केलेल्या लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, म्हणजे शिडीसारखी रचना. लाकूड असते ते तिच्यावर उभ्या राहणाऱ्या बॉडीच्या सांगाड्यात. दाराच्या चौकटी, मागचा भाग, चाकांवरील कमानी हे सर्व सुतार करतो आणि त्यावर पत्रेकाम करणारा कारागीर पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवतो. तुमच्या मित्राच्या मनात कदाचित ‘मार्कोस’ ही दुसरी ब्रिटिश कंपनी असेल. जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या त्या कंपनीच्या आरंभीच्या गाड्यांची चासी खरोखरच प्लायवुडची होती, कारण कॉस्टिन विमानाच्या कारखान्यातून आले होते आणि चिकटवलेल्या पातळ लाकडाची ताकद त्यांनी तेथे जवळून पाहिली होती.

मॉर्गनमध्ये वापरतात ते लाकूड ‘अ‍ॅश’ या झाडाचे. आपल्याकडे ते झाड परिचयाचे नसले तरी लाकूड आहे, कारण क्रिकेटचे चांगले स्टंप याच लाकडाचे असतात. बैलगाडीच्या तुंब्याला आणि आऱ्यांना आपले सुतार बाभूळ निवडत, तसे इंग्लंडमधील गाडीवान आणि बग्गीवाले शतकानुशतके अ‍ॅश निवडत आले. त्याचे तंतू लांब व सरळ असतात, ते धक्का खाते पण तडकत नाही, आणि वाकवले तर त्या वळणाला बसते. मोटार आली तेव्हा तिची बॉडी करणारे लोक बग्गीच्याच धंद्यातले होते, त्यामुळे १९२० च्या दशकात बहुतेक मोटारींचा सांगाडा लाकडीच असे. इतरांनी पत्रा दाबून अखंड बॉडी काढणारे अवजड प्रेस विकत घेतले आणि लाकूड सोडले. मॉर्गनसारख्या छोट्या कारखान्याला तसा प्रेस परवडण्याजोगा नव्हता आणि त्याच्या थोड्या गाड्यांसाठी त्याची गरजही नव्हती.

मागच्या चाकावरील कमान कशी होते ते सांगतो, कारण या कामाचे मर्म तुमच्यासारख्या कारागिराच्या चटकन लक्षात येईल. अ‍ॅशच्या पातळ पट्ट्यांना सरस लावून त्या एकावर एक ठेवतात. मग सबंध थर एका जाड लाकडी साच्यात घालून शिकंजे आवळत नेतात. एका टोकाकडून सुरुवात करून दुसऱ्या टोकाकडे जायचे, मध्येच कोठे घाई केली तर पट्ट्या एकमेकींवरून सरकतात. सरस वाळेपर्यंत साचा तसाच ठेवतात. शिकंजे काढल्यावर कमान पुन्हा सरळ होत नाही. मग रंध्याने आणि कानशीने ती त्या विशिष्ट गाडीच्या सांगाड्याला मिळवून घेतात. बॉनेटही प्रत्येक गाडीवर स्वतंत्र बसवतात, त्यामुळे एका मॉर्गनचे बॉनेट दुसरीला जसेच्या तसे बसेल याची खात्री नसते.

टिकण्याविषयी : पूर्वीच्या गाड्यांत सांध्यांत पाणी साचून लाकूड कुजल्याची उदाहरणे भरपूर आहेत, आणि जुनी मॉर्गन दुरुस्त करणे म्हणजे बऱ्याच अंशी सुतारकामच असते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सांगाडा संरक्षक द्रव्यात मुरवून घेऊ लागले, तेव्हापासून ही तक्रार पुष्कळ कमी झाली. आज काळजी आहे ती झाडाचीच. युरोपभर अ‍ॅशला बुरशीचा रोग लागला असून ब्रिटनमध्ये तो २०१२ मध्ये आढळला. तेथील अ‍ॅशची राने मोठ्या प्रमाणावर वाळत आहेत, ही गोष्ट या लाकडावर प्रेम करणाऱ्या कोणालाही दुःख देणारी आहे.

प्रश्न : माझे वडील गिरणी कामगार होते. गिरणी बंद पडली ते मी लहानपणी पाहिले. आता अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. जो भेटतो तो म्हणतो, उत्पादन दुप्पट करा नाहीतर संपाल. मोठमोठ्या ब्रिटिश मोटार कंपन्या नाहीशा झाल्या, मग ही एवढीशी कंपनी कशी तगली? (एक वाचक, अक्कलकोट रस्ता)

‘उत्पादन दुप्पट करा’ हा सल्ला मॉर्गनलाही मिळाला होता, आणि तोही साऱ्या देशासमोर. १९९० मध्ये बीबीसीने सर जॉन हार्वी-जोन्स यांना निरनिराळ्या कारखान्यांत पाठवून एक मालिका केली होती. हार्वी-जोन्स हे आयसीआय या बलाढ्य रसायन कंपनीचे माजी अध्यक्ष. माल्व्हर्नच्या कारखान्यात त्यांना जे दिसले त्याने ते चकित झाले. आठवड्याला जेमतेम नऊ-दहा गाड्या, एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये उतारावरून हाताने ढकलत नेलेल्या अर्धवट गाड्या, आणि ग्राहकांची काही वर्षांची प्रतीक्षा यादी. त्यांनी उत्पादन झपाट्याने वाढवा, पद्धती आधुनिक करा असे सांगितले. संस्थापकांचे पुत्र पीटर मॉर्गन आणि पीटर यांचे पुत्र चार्ल्स यांनी ते ऐकून घेतले आणि तो सल्ला त्या स्वरूपात नाकारला. कार्यक्रम दाखवला गेल्यानंतर गाड्यांची मागणी घटण्याऐवजी वाढली.

ही कथा मॉर्गनचे चाहते फार आवडीने सांगतात, पण तिचा अर्थ ‘तज्ज्ञ मूर्ख आणि कारागीर शहाणा’ असा लावणे आम्हाला योग्य वाटत नाही. हार्वी-जोन्स यांचे निदान बरेचसे बरोबर होते. साठा, कामाचा क्रम, हिशेब यांत ढिलाई होती, आणि पुढील वर्षांत चार्ल्स मॉर्गन यांनी कारखान्यात पुष्कळ सुधारणा केल्या. उत्पादनही हळूहळू वाढवले. नाकारले गेले ते एकदम उडी मारणे. प्रतीक्षा यादी म्हणजे नक्की गिऱ्हाईक नव्हे, मंदी आली की यादीतील नावे गळतात, आणि त्या वेळी कर्ज काढून उभारलेली शेड मात्र तशीच राहते, ही पीटर मॉर्गन यांची समजूत होती. त्यांच्या भोवतालच्या कंपन्यांचे काय झाले ते पाहिले तर ती समजूत अनाठायी नव्हती. वेस्ट ब्रॉमविचची जेन्सन १९७६ मध्ये बंद पडली. लोटस १९८६ मध्ये जनरल मोटर्सकडे गेली आणि त्यानंतर आणखी अनेक मालक बदलले. ब्लॅकपूलच्या टीव्हीआर कंपनीने स्वतःचे इंजिन बनवण्यापर्यंत मजल मारली, गाड्या देखण्या आणि वेगवान केल्या, पण २००६ मध्ये तिचा कारखाना थांबला.

आमच्या मते मॉर्गन तगण्याचे खरे कारण लाकूड नाही आणि जुनेपणाचे आकर्षणही नाही. ज्या कामाला फार मोठे भांडवल लागते ते काम या कंपनीने कधी अंगावर घेतलेच नाही. मोटारीत सर्वांत खर्चिक गोष्ट म्हणजे इंजिन. मॉर्गनने आपल्या सर्व काळात इंजिन दुसऱ्याकडून घेतले : जेएपी, मॅचलेस, कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्स, स्टँडर्ड, ट्रायम्फ, फोर्ड, फियाट, रोव्हर आणि अलीकडे बीएमडब्ल्यू. आणि चासीची मूळ रचना एकदा केली ती १९३६ पासून २०२० पर्यंत चालवली. स्वतःकडे ठेवले ते फक्त सुतारकाम, पत्रेकाम, जुळणी आणि गाडीचे रूप, म्हणजे जे काम माल्व्हर्नच्या माणसांच्या हातात होते तेवढेच.

या धोरणात धोकाही होता. इंजिन देणारा उद्या म्हणेल, कंपनीच मला विका. तसे दोनदा झाले. १९५० च्या सुमारास ‘प्लस फोर’ या गाडीसाठी स्टँडर्ड मोटर कंपनीच्या व्हॅनगार्डचे इंजिन घेतले जात होते. तिचे प्रमुख सर जॉन ब्लॅक यांनी मॉर्गन विकत घेण्याची इच्छा दर्शवली. नकार मिळाल्यावर त्यांनी स्वतःची स्पोर्ट्स कार काढली, तीच ट्रायम्फ टीआर-२. प्रतिस्पर्धी झाल्यावरही त्यांनी मॉर्गनला इंजिन देणे चालू ठेवले, हे त्यांच्या मनाचे मोठेपण म्हटले पाहिजे. त्याच ट्रायम्फ इंजिनाच्या प्लस फोरने १९६२ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत ख्रिस लॉरेन्स आणि रिचर्ड शेफर्ड-बॅरन यांच्या हाती दोन लिटर गटातील पहिला क्रमांक मिळवला. दुसऱ्यांदा, १९६६ मध्ये, रोव्हरने कंपनी घेण्याविषयी विचारणा केली. पीटर मॉर्गन यांनी कंपनी दिली नाही, पण बोलण्यातून रोव्हरचे नवे साडेतीन लिटरचे व्ही-८ इंजिन मिळवले. ते अ‍ॅल्युमिनियमचे आणि वजनाने हलके असल्याने जुन्या चासीत थोडे फेरफार करून बसले. १९६८ मध्ये आलेली ही ‘प्लस एट’ २००४ पर्यंत विकली गेली, आणि कठीण काळात कंपनीला उभे ठेवण्यात तिचा वाटा सर्वांत मोठा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील धूर नियंत्रणाचे नियम कडक झाले तेव्हा तिकडच्या आयातदाराने या गाड्या प्रोपेन गॅसवर चालवून विकल्या. व्यवसाय करणाऱ्याची चिकाटी काय असते, याचे हे उदाहरण मला विशेष वाटते.

एकदा कंपनीने काळाबरोबर धावण्याचा प्रयत्नही केला होता. १९६३ मध्ये फायबरग्लासच्या बंद बॉडीची ‘प्लस फोर प्लस’ काढली. मॉर्गनच्या ग्राहकांना ती मॉर्गन वाटली नाही आणि इतरांना ती घेण्याचे कारण दिसले नाही. अवघ्या २६ गाड्या होऊन ती १९६७ मध्ये थांबली. कंपनी बुडाली नाही, कारण नेहमीच्या गाड्यांची जुळणी त्या काळात थांबवलेली नव्हती आणि नव्या प्रयोगावर लावलेली रक्कम बेताची होती.

आपल्या धंद्याला यातले सर्व लागू होईल असे मी म्हणणार नाही. मॉर्गनचा ग्राहक हौसेने वर्षानुवर्षे थांबतो. टॉवेलचा व्यापारी आठ दिवसही थांबत नाही आणि पलीकडच्या शेडमधून तसाच माल उचलतो. त्यामुळे ‘लहान राहा’ एवढेच ऐकून आपण थांबलात तर नुकसान होईल. विचारण्यासारखा प्रश्न असा की, आपल्या मालातील कोणता भाग केवळ आपल्या कारखान्यातील माणसेच करू शकतात. तो भाग विणकामात असेल, रंगात असेल किंवा जॅकार्डच्या नक्षीत असेल. दुप्पट करायचेच असेल तर तेवढ्या भागाचे काम करावे, आणि बाकीचे काम बाहेरून करून घेता येते का ते पाहावे. आणखी एक गोष्ट मॉर्गनच्या हिशेबातून घेण्यासारखी आहे : नव्या प्रयोगासाठी कर्ज काढताना नेहमीचे माग गहाण टाकू नयेत.

प्रश्न : कंपनी अजून मॉर्गन कुटुंबाचीच आहे का? माझी मुलगी शिक्षणासाठी बर्मिंगहॅमला आहे, तिला हा कारखाना पाहता येईल का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

कंपनीचा मोठा हिस्सा आता कुटुंबाकडे नाही. संस्थापक १९५९ मध्ये आणि त्यांचे पुत्र पीटर २००३ मध्ये निवर्तले. २०१३ मध्ये चार्ल्स मॉर्गन यांना संचालक मंडळ सोडावे लागले, आणि २०१९ मध्ये इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या इटालियन गुंतवणूक समूहाने बहुसंख्य भाग घेतले. कुटुंबाकडे अल्प वाटा राहिला. सुरक्षा आणि धुराचे नियम इतके खर्चिक झाले आहेत की नवी चासी स्वबळावर काढणे कुटुंबाला जड गेले असावे, असे आम्हाला वाटते. त्याच वर्षी चिकटवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नव्या चासीची ‘प्लस सिक्स’ आली, आणि त्यानंतर पोलादी चासीची निर्मिती थांबली. सांगाडा मात्र या नव्या गाडीतही अ‍ॅशचाच ठेवला. तीन चाकीही २०११ मध्ये पुन्हा सुरू झाली होती, आणि २०२२ पासून तिच्या जागी फोर्डचे तीन सिलिंडरचे इंजिन असलेली ‘सुपर थ्री’ विकली जाते.

कारखाना पाहता येतो. माल्व्हर्नमधील पिकर्सले रोडवरील कारखान्यात मार्गदर्शकासह फेरी असते, त्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते. बर्मिंगहॅमहून वूस्टरमार्गे माल्व्हर्नला रेल्वे जाते आणि माल्व्हर्न लिंक या स्थानकावर उतरणे सोयीचे पडते. शनिवार-रविवार टाळून कामाच्या दिवशी जाण्यास मुलीला सांगावे, म्हणजे सुतारशाळेत माणसे प्रत्यक्ष काम करताना दिसतील.